पांढऱ्यानं आधी चालायचं

रविवार, ५ जानेवारी २०२५

पहिल्या पानावर नाव घालायचं असतं म्हणून घालते. रत्नव्वा, वय अठ्ठावन्न, माहेर हुपरी, मुक्काम कोल्हापूर. वही गेल्या वर्षीची आहे, तेव्हा छापलेल्या तारखा खोडून माझ्या घालणार आहे.

वही संयोगितानं दिली. "काकू, रोज काय शिकलं ते लिवायचं," म्हणाली. ही आमच्या गल्लीतल्या तालमीचे, म्हणजे मंडळाचे, विजयसिंह आहेत त्यांची पुतणी. एकोणीस वर्षांची पोर, बुद्धिबळात राज्यापर्यंत खेळून आलेली आणि जिभेला धार.

झालं असं की शिवजयंतीच्या आधी आमची तालीम आणि रस्त्यापलीकडची तालीम यांच्यात दरवर्षी बुद्धिबळाचा सामना होतो. चार पट, चार जोड्या. कप पाच वर्षं त्यांच्याकडे आहे. या वर्षी दोन्हीकडच्या पोरांनी बसून नवा नियम केला: चौथ्या पटावर बाईच पाहिजे, तीही पन्नाशी ओलांडलेली आणि कधी स्पर्धा न खेळलेली. विजयसिंह गल्लीभर फिरले. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं. माझ्या दारात आले तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी हो म्हटलं. मला प्यादंही कसं चालतं ते माहीत नव्हतं, पण ते सहा आठवड्यांत कळेल की. अठ्ठावन्न वर्षांत कुणी कसल्या संघात मला घेतलं नव्हतं.

"रत्नाक्का, जिंकायचं काय न्हाय. नुसतं हरू नका, एवढंच," विजयसिंह म्हणाले.

आमचे हे पेपर वाचत होते. शिरोलीच्या फौंड्रीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून पेपर वाचतात. वर बघितलंही नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

या वर्षी आमच्या तालमीला पांढऱ्या सोंगट्या मिळणार आहेत, ते पाळीनं ठरतं. म्हणून संयोगिता मला एकच सुरुवात शिकवणार, पांढऱ्याची. नाव चार घोड्यांची. राजापुढचं प्यादं दोन घरं. समोरच्याचंही तसंच. मग आपला एक घोडा, त्याचा एक घोडा, आपला दुसरा, त्याचा दुसरा. चारी घोडे बाहेर आले की पट मधे घडी घालावी तसा दिसतो, वर आणि खाली अगदी एकसारखा.

"लई पक्की सुरुवात हाय," संयोगिता म्हणाली. "घाई न्हाय, भानगड न्हाय. हरवायला अवघड."

मला तर बघताक्षणी आवडली. हे माझंच काम आहे. हुपरीच्या बाईला जोड म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. मी वयाच्या विसाव्या वर्षापासून चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडते. भावाचा मुलगा रुद्रेश सोमवारी आणि शुक्रवारी हुपरीहून एसटीनं कामाचा डबा आणतो आणि झालेलं काम घेऊन जातो. एकेका घुंगराची बारीक कडी साखळीत ओवायची, चिमट्यानं दाबून तोंड मिटवायचं. डावं पैंजण उजव्याला तंतोतंत जुळलं पाहिजे. अडतीस वर्षांत माझ्या हातचा एक जोड परत आलेला नाही. हे हुपरीत कुणालाही विचारावं.

शनिवार, ११ जानेवारी

सात डाव हरले. लिहायची लाज वाटते, पण संयोगिता म्हणते खरं लिहायचं.

सातव्या डावात माझं बरं चाललं होतं. तिनं माझं कडेचं प्यादं खाल्लं, तर मी हातातलं सगळं सोडून तिचं त्याच कडेचं प्यादं खायला हत्ती पाठवला. हत्ती गेला. मागून वजीरही गेला.

"हत्ती तिकडं कशाला घातला काकू?"

"इकडचं गेलं, तिकडचं राहिलं. बरं दिसंना."

तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तुम्ही जोड जुळवायला लागलाय काय? काकू, पांढऱ्यानं आधी चालायचं असतंय. तुम्ही पांढऱ्या घेऊन मी काय करतो त्येची वाट बघताय."

मी म्हटलं, बघते. पण खरं सांगायचं तर मोडका पट माझ्याच्यानं बघवत नाही. एका बाजूला घर रिकामं आणि समोर भरलेलं असलं की हात शिवशिवतात.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज एक गंमत झाली. सोमवारी रुद्रेशनं आणलेला डबा मोठा होता, लग्नसराईचा. रोज दुपारचे दोन तास बुद्धिबळात जातात, तेव्हा हा काही शुक्रवारपर्यंत होत नाही, असं मी धरून चालले होते. सकाळी डबा उघडला तर पाचसहा जोडच उरलेले. दहाच्या आत तेही झाले. रुद्रेश म्हणाला, "आत्ती, तुमचा हात काय मशीन हाय काय."

मला वाटतं, बुद्धिबळानं डोकं चालायला लागतं तसे हातही. पटावर विचार करता करता बोटं मोकळी होत असावीत. संयोगिताला सांगितलं तर ती हसली. तिला काय माहीत. तिनं अजून चिमटा हातात धरलेला नाही.

ह्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, अडकित्ता लागला. हे डावरे आहेत. सासूबाईंनी लहानपणी हातावर मारून मारून जेवण तेवढं उजव्या हातावर आणलं, बाकी सगळं डाव्यानंच. अडकित्ता डाव्या हाताचा नसतो, लागणारच. मी हळद लावून दिली.

बुधवार, २२ जानेवारी

आता किल्लेकोट आणि त्याच्या पुढचंही मला झोपेतून उठवलं तरी येतं. चार घोडे, मग उंट पुढे, मग राजा कोपऱ्याकडे हत्तीच्या आड, हाच किल्लेकोट, मधलं प्यादं एक घर, दुसरा उंट समोरच्या घोड्यावर रोखायचा. सात चाली. समोरचा तेच करत गेला तर सातव्या चालीला पट आरशात बघावा तसा होतो.

आज संयोगितानं आठवी चाल दाखवली. वजिराच्या बाजूचा घोडा उचलून मधोमध, समोरच्याच्या अंगणात ठेवायचा. "आता जोड मोडायचा, काकू."

मी म्हटलं, मोडला नाही तर?

"चालतंय. पण मग बरोबरीच."

विजयसिंह दारात उभे होते. म्हणाले, "बरोबरी बास झाली की. त्यास्नी मोडायला लावू नगंस."

त्यांनी माझ्या बाजूनंच म्हटलं, पण ते 'बास झाली' मला लागलं. तरीही घोडा काही मी हलवला नाही. इतका सुरेख जुळलेला पट आपल्याच हातानं कोण मोडेल? हे पायरीवर पेपर घेऊन बसले होते. तासभर एकच पान. दिवसेंदिवस ह्यांचं वाचन मंद होत चाललं आहे, डोळे तपासून घ्यायला पाहिजेत.

शनिवार, २५ जानेवारी

काल संयोगिता गेल्यावर पट तसाच मांडून ठेवला होता, सात चालींपर्यंतचा. सकाळी बघते तर घोडा पटाच्या मधोमध. ह्यांना विचारलं.

"मांजर असंल."

शेजारच्या आदर्शकडची मांजर फार सोकावली आहे, दुधाच्या पातेल्यापर्यंत येते. घोडा परत जागेवर ठेवला आणि पटावर परात पालथी घातली.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज नको झालं सगळं.

तालमीत सरावाला गेले होते. तिसऱ्या पटावर खेळणारा राजवीर, बँकेत आहे, त्याच्याशी तीन डाव झाले. तिन्ही हरले. दोनदा तर बरोबरीच्या जवळ होते, पण त्यानं काहीतरी मोडलं की मी गडबडते आणि जुळवायला धावते. पाणी प्यायला बाहेर आले तर आतून ऐकू आलं, "चौथा पट गेला म्हणूनच धरायचं. उरलेल्या तिघांनी बघायचं." कोण म्हणालं ते कळलं नाही. विजयसिंह मात्र तिथंच बसलेले होते.

घरी येऊन पट गुंडाळून ठेवला. ह्यांना म्हटलं, "मी न्हाय खेळत. दुसरी बाई बघा म्हणावं."

ह्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "हुपरीत तुझा जोड कवा कुणी परत धाडलाय काय?"

"न्हाय."

"मग."

एवढंच बोलले आणि चहा ठेवायला उठले. चार वर्षांत हे इतकं बोललेले नाहीत. ह्यांनी केलेला चहा पातळ असतो, पण आज प्यायले.

डबा मात्र आजही वेळेत झाला. तेवढं एक बरं आहे, हात अजून माझ्या बाजूनं आहेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पलीकडच्या तालमीच्या बाईचं नाव कळलं, चिमणाबाई. भाजी मंडईत गाळा आहे. राजवीरनं बातमी आणली की त्या सरावात कुणालाच हरत नाहीत. त्यांची युक्ती एकच: समोरचा चालेल तसंच चालायचं. त्यानं घोडा काढला की घोडा, उंट काढला की उंट. समोरचा कंटाळून बरोबरी घेतो.

मला हसू आलं. ही तर माझीच बहीण निघाली.

संयोगिता हसली नाही. "म्हंजे तुम्ही दोघी संध्याकाळपतोर एकमेकीची नक्कल करत बसणार. काकू, तिला मोडायचं असंल तर आठवी चाल तुम्हालाच करावी लागणार." मग तिनं पुढचं सगळं दाखवलं, घोडा मधे घातल्यावर समोरचा नक्कल करत राहिला तर शेवटी काय होतं ते. मी दहा वेळा लिहून काढलं. तोंडपाठ झालं. पण प्रत्येक वेळी घोडा उचलताना हात जड होतो. कडी तिरकी बसली आहे आणि आपण तशीच दाबतोय असं वाटतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सगळं लिहिते. काही राहायला नको.

सामना दहाला सुरू झाला, तालमीच्या वरच्या हॉलमध्ये. चिमणाबाई माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठ्या. काखेत पिशवी, नाकात चमकी. बसता बसता म्हणाल्या, "पावणं, मला काय लई येत न्हाय बघा."

"मला बी न्हाय," मी म्हटलं.

मी प्यादं सरकवलं, त्यांनी सरकवलं. मी घोडा, त्यांनी घोडा. चारी घोडे निघाले. मी उंट काढला, त्यांनीही काढला. मी राजा कोपऱ्याकडे नेला, त्यांनीही नेला. प्यादं, प्यादं. उंट, उंट. सात चाली झाल्या आणि पट पुरा जुळला. खरं सांगते, इतका देखणा पट मी सहा आठवड्यांत पाहिला नव्हता. चिमणाबाईंनाही तो आवडला होता, त्यांच्या तोंडावरनं कळत होतं.

त्यांनी हात पुढे केला. "बरोबरी करूया की. घरात भाकऱ्या राहिल्यात."

मी मान वर केली. बाकीचे तीन पट संपले होते. दुसरा आम्ही जिंकला, तिसरा बरोबरीत, आणि पहिल्यावर विजयसिंहांचा राजा आडवा झालेला. दीड-दीड. मी बरोबरी घेतली तर दोन-दोन, आणि बरोबरी झाली की कप आधीच्याच घरी राहतो. विजयसिंह माझ्याकडे बघत होते. सहा आठवडे 'नुसतं हरू नका' म्हणाले, आणि आता नुसतं न हरून भागणार नव्हतं. संयोगिता भिंतीला टेकून उभी होती, नख खात.

मी म्हटलं, "जरा थांबा चिमणाबाई."

आणि बसून राहिले. घोड्याकडे बघत होते आणि वाटत होतं, हा उचलला आणि चुकलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, नाही उचलला तर 'चौथा पट गेला' म्हणणारा खरा ठरला. मग मला एकदम त्या दिवशीची सकाळ आठवली. आमच्या घरच्या पटावर घोडा मधोमध बसलेला, आणि काहीच बिघडलेलं नव्हतं. उलट तो तिथं शोभत होता, मी उगीच रागावले होते. त्या मेल्या मांजरीनं ठेवला होता नेमक्या त्याच घरात मी घोडा ठेवला.

चिमणाबाईंनी हात मागे घेतला. बऱ्याच वेळानं त्यांनीही आपला घोडा तसाच ठेवला. मी त्यांचा उंट खाल्ला, त्यांनी माझा. मी घोडा परत मधे आणला, त्यांनी आणला. मी वजीर एक घर पुढे घेतला, आणि त्यांनीही घेतला. संयोगिता म्हणाली होती, इथं तिनं नक्कल केली की तिचा डाव संपला.

मी उंटानं घोडा खाल्ला. त्यांनी उंटानं घोडा खाल्ला. मग मी घोड्यानं शह दिला.

शहाची नक्कल करता येत नाही. आधी राजा हलवावा लागतो. चिमणाबाईंचा हात सवयीनं त्यांच्या घोड्याकडे गेला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांचं वाईट वाटलं, कारण ते काय होतं ते माझ्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. राजा कोपऱ्यात गेला. मी उंट देऊन टाकला, राजानं तो खाल्ला. वजिरानं शह. राजा पुन्हा कोपऱ्यात. वजीर एक घर तिरका पुढे, आणि मात.

एवढा आरडाओरडा झाला की खालची पोरं वर आली. विजयसिंहांनी माझ्या पायाला हात लावला, मी मागे सरले. संयोगिता रडत होती आणि रडता रडताच म्हणाली, "चालली बघा पांढरी एकदाची." चिमणाबाई जाताना म्हणाल्या, "ती घोड्याची चाल मला दावा की सवडीनं." मी त्यांना घरी बोलावलं आहे.

मी रत्नव्वा, आमच्या तालमीला पाच वर्षांनी कप मिळवून दिला. हे मी इथं लिहून ठेवते, कारण उद्या लोक म्हणतील विजयसिंहांनी मिळवला.

जिन्याजवळ, खांबाच्या मागे हे उभे होते. म्हटलं, "तुम्ही आलता व्हय?"

"दळण टाकायला आलतो," म्हणाले. दळणाचा डबा कुठे दिसला नाही. गडबडीत गिरणीतच विसरले असतील. म्हातारपण.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळपासून लोक येत होते. मी नवं लुगडं नेसून बसले होते आणि येणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत आठवी चाल सांगत होते. अकराला रुद्रेश आला. आज त्याच्या हातात दोन डबे होते, एक नव्या कामाचा आणि एक माझ्याकडनं नेलेला.

"आत्ती, रागावू नका," म्हणाला. "ह्यातलं निम्मं काम उलट्या कडीचं हाय. सोनार कडीच्या तोंडाला झाळ लावून जोडायला बसला तवा कळलं. आधीचे डबे तसेच गेले, कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. पर ह्ये आता सोनाराकडनं परत आलं."

माझ्या हातचं काम परत? अडतीस वर्षांत पहिल्यांदा आणि तेही आजच्या दिवशी? त्याला दोन शब्द सुनवायला मी तोंड उघडलं होतं. मग चष्मा लावला आणि एक जोड उचलला.

माझ्या हातची कडी उजवीकडे मिटते. कुठल्याही उजव्या हाताच्या बाईची तशीच मिटते. ही सगळी तोंडं डावीकडे होती. काम वाईट नव्हतं. पहिल्या जोडांत चिमटा दोनदोनदा बसल्याच्या खुणा होत्या, पण नंतरचे साफ होते, घट्ट होते. अशी कडी डाव्या हातानंच मिटते.

मी वर बघितलं. हे पायरीवरून उठून मागच्या नळाकडे गेले होते, पाणी नसताना.

शुक्रवारचे सगळे डबे मला आठवले. लग्नसराईचा मोठा डबा. मी दुपारी पटाशी बसायची, सकाळी देवपूजेला आणि बाजाराला जायची, आणि परत येऊन म्हणायची, माझे हात बघा कसे चपळ झालेत. अंगठ्याची ती चिंधी. अडकित्ता म्हणे. फौंड्रीत चाळीस वर्षं लोखंड उचललेल्या जाड बोटांनी तांदळाएवढ्या कड्या धरल्या असतील, आणि माझ्यासारख्या शहाणीला कळलं नाही. मला इतकी लाज वाटली, आणि लाजेच्या वर इतका अभिमान वाटला, की दोन्हींचं काय करायचं ते कळेना.

"मामांस्नी विचारू काय, दुसरं कोण हात लावत हुतं काय?" रुद्रेश नळाकडे बघत म्हणाला.

"कुणाला इचारू नगंस. माझ्याच हातचं हाय," मी म्हटलं. "चष्मा बदललाय, त्येनं झालं. ठेवून जा, सगळं उलटून देतो."

"तुमच्या हातचं? अडतीस वर्षांत?"

"व्हय. कुणी इचारलं तर माझंच नाव सांग."

तो गेल्यावर कामाला बसले. सगळ्या उलट्या कड्या पुन्हा उघडल्या, पुन्हा उजवीकडे मिटल्या. एक जोड मात्र उघडला नाही. तो मी ठेवून घेणार आहे आणि रुद्रेशला पुढच्या खेपेला तसं सांगेन. त्यातलं एक पैंजण माझ्या हातचं आहे, एक ह्यांच्या. पायात घालून बघितली. दोन्ही पायांत घुंगरं बाहेरच्या बाजूला कललेली. हुपरीत कुणी याला जोड म्हणणार नाही, पण मी म्हणते.

पाच वाजता पट मांडला आणि पांढऱ्या ह्यांच्या बाजूला केल्या.

"मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले.

"बसा की."

बसले. डाव्या हातानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मी माझं सरकवलं. त्यांनी घोडा काढला, मी काढला. त्यांनी दुसरा काढला. उंट नेमक्या घरात गेला. राजा आणि हत्ती एका दमात बदलले, तेही एकाच हातानं, संयोगिता मला ओरडून ओरडून शिकवते तसं. मी सगळ्याला जोड देत गेले. सात चाली झाल्या. माझी पैंजणं तेवढी वाजत होती.

त्यांचा हात घोड्यावर जाऊन थांबला.

"चाला की," मी म्हटलं. "पांढऱ्यानं आधी चालायचं असतंय."

त्यांनी घोडा उचलून मधोमध ठेवला. शेजारची मांजर आज दिवसभर आमच्याकडे फिरकली नव्हती.